सारजाबाईंच्या नावावरचं दुखणं

सारजाबाईंना झटका येऊन नऊ दिवस झाले होते, आणि येडगावच्या त्या घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते. उजवा हात-पाय लुळा पडला होता, जीभ जड झाली होती. पण त्या जाग्या होत्या, सगळं ऐकत होत्या. तरी येणारी माणसं दारातूनच डोकावून परत जायची.

कारण होतं एका आकड्याचं. आळेफाट्याच्या दवाखान्यातल्या संगणकाला हजारो जुन्या पेशंटच्या नोंदी शिकवलेल्या होत्या. नव्या पेशंटच्या आरोग्य-कार्डावरची जुनी फाईल वाचून तो सांगायचा, तीन महिन्यांत हा माणूस चालेल का. सारजाबाईंसाठी त्यानं सांगितलं, शंभरात अकरा.

"अकरा म्हंजे न्हाईच की," मुलगा भरत म्हणाला. व्यायामाला न्यायचं त्यानं बंद केलं. उगा म्हातारीचे हाल कशाला, असं त्याचं म्हणणं. सारजाबाईंच्या भावानं, भिमाजीमामांनी तर लांबच्या पाहुण्यांना, भेटून जा, असे फोनही केले.

सून समृद्धीला तो आकडा सोडत नव्हता. पेज भरवताना अकरा, कूस बदलताना अकरा. दीड वर्षाची श्रेया आजीच्या खाटेला धरून पावलं टाकायची, तर समृद्धीनं तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. मग स्वतःचीच लाज वाटली. आजी तर डोळे उघडे ठेवून नातीला शोधत होती.

त्या दुपारी सासूचे पाय पुसता पुसता तिनं दवाखान्याचे कागद नीट वाचले. मधुमेह, बारा वर्षं. याआधी एकदा झटका. डाव्या पायाची करंगळी काढलेली.

तिनं चादर सारली. डाव्या पायाला पाचही बोटं होती. तिनं पुन्हा मोजली.

करंगळी नव्हती ती चिमाकाकूंना, सारजाबाईंच्या थोरल्या जाऊबाईंना. त्या दोन वर्षांपूर्वी घरीच वारल्या होत्या, दुसऱ्या झटक्यानं, याच खाटेवर. समृद्धीच्या लक्षात आलं. संगणकानं सारजाबाईंना पाहिलंच नव्हतं. गेलेल्या बाईचं दुखणं तो सारजाबाईंच्या नावावर मोजत होता!

भरतला विचारलं तेव्हा तो नजर चुकवू लागला. "काकूचं कार्ड निघालं नव्हतं. आईचंच दाखवायचो. फोटो कोण बघतंय? लई जण करत्यात."

"मग आता सांगा जाऊन."

"केस व्हईल माझ्यावर. तू गप ऱ्हा."

"आणि आईंचं काय?"

खाटेवरून घोगरा आवाज आला. सारजाबाईंनी मान वळवली होती. "भरत... सांग... जा."

नऊ दिवसांत त्यांचे हे पहिलेच शब्द होते.

दुसऱ्या दिवशी भरतनं आईला गाडीत घालून नेलं आणि डॉक्टर चेतनाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पाय पाहिला, बोटं मोजली.

"चूक माझीही आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी स्क्रीन वाचली, पेशंटचा पाय पाहिला नाही. संगणक आपण लिहून दिलेलंच वाचतो. ह्याच चुकीच्या नोंदीवरून उद्या त्यानं आणखी कुणाचा तरी अंदाज काढला असता."

फाईल दुरुस्त केल्यावर आकडा आला, शंभरात सत्तेचाळीस. भरतचा चेहरा उजळला, तशा त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या आईसारख्या शंभर जणींचा हा हिशेब. त्यातली तुमची आई कुठली, ते मलाही माहीत नाही. अकरा खरा असता, तरी व्यायाम थांबवायचा नव्हता. आठवडा वाया गेलाय. आज सुरू करा."

भरत खाली बसला आणि आईचा पाय त्यानं स्वतःच्या मांडीवर घेतला. पाय कसा वाकवायचा ते त्यानं विचारून घेतलं.

समृद्धीनं काकूंची नोंद कुठे आहे ते विचारलं. चेतनाबाईंनी शोधून पाहिलं. बारा वर्षं आजारी असलेल्या चिमाबाईंच्या नावानं तिथे एक ओळही नव्हती.

आपल्यातल्या किती घरांनी असं कार्ड उसनं दिलं असेल! माया म्हणूनच देतो आपण. पण त्यानं एकीच्या अंगाला नसलेलं दुखणं चिकटतं, आणि दुसरी आजारी होती हेच पुसलं जातं. दवाखान्यात आपलं खरं नाव, खरं दुखणं सांगा. ज्याचं कार्ड नाही, त्याचं काढून घ्या. आणि कुणाचा आकडा कितीही लहान आला, तरी जितं माणूस मेल्यात मोजू नका. ते ऐकत असतं.