चिखलात बुडवलेली दुर्बीण

या मित्रांनो, अगदी जवळ येऊन बसा. एक गोष्ट सांगते. ती सांगताना मला आजही शिसारी येते, पण सांगते.

मी एक जुनी दुर्बीण आहे. पितळेचे अंग, दोन नळ्या आणि मध्ये फिरवायचे चाक. मुर्री गावच्या केवलराम गुरुजींनी मला एका निवृत्त शिपायाकडून घेतले. गुरुजी कीर्तनही करीत. त्यांचे टाळ आणि मी एकाच पिशवीत राहायचो. तलावावरचे पाखरू मी जवळ आणून दाखवले की ते म्हणत, "काय देवाची करणी!" मला वाटे, हे माझेच कौतुक.

१९५६ च्या फाल्गुनात गुरुजी आणि त्यांच्या पत्नी देवकाबाई भजनी मंडळींबरोबर आमराईत तीन दिवस तंबू ठोकून राहिले. शेवटच्या कीर्तनात गुरुजींनी सारसांचा दृष्टांत दिला. जोडीतला एक गेला की दुसरा म्हणे अन्न सोडतो. पाहुणा आलेला लाकडांचा व्यापारी गुलाबचंद तो ऐकून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता.

सकाळी सौंदड स्टेशनाकडे परतताना तो आमच्याच बैलगाडीत बसला. वाटेत मी बगळे दाखवले, बदके दाखवली. मग एका बोडीत, लहानशा तळ्यात, सारसांची जोडी दिसली. गाडी थांबली.

"गुरुजी, जरा हमको भी दर्शन कराओ," गुलाबचंद म्हणाला.

"काऊन देता जी त्याले?" देवकाबाई कुजबुजल्या. "बाजूले बंदूक आहे त्याच्या, दिसून नाही राहिली का?"

"कीर्तनात रडला तो. मन साफ आहे त्याचं." आणि गुरुजींनी त्याला चाक फिरवायला शिकवले.

शी! पानाने चिकट झालेली ती बोटे! मी निमूटपणे जोडी त्याच्या डोळ्यांजवळ आणली. त्याने मला गाडीत अंथरलेल्या तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, टाकले. धाडकन बार झाला. नर पाण्यात कोसळला. मादी किंचाळत उडाली आणि पलीकडच्या लव्हाळ्यात दिसेनाशी झाली.

"दूसरा किधर बैठा? दूरबीन देना जल्दी!" हनुवटीवर लाल लाळ, आणि वर हसणे. कालचे त्याचे अश्रू मला आठवले.

मला उचलून देवकाबाई खाली उतरल्या आणि बोडीच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी मला बुडवले. "घे भाऊ, पाह्य आता!"

त्याला मादी सापडली नाही. गुरुजींनी त्याला पुन्हा गाडीत घेतले नाही. आम्ही वळणाआड जाईपर्यंत तिची एकटीची हाक येत होती.

माझ्या डाव्या काचेत तो चिखल अजून आहे. मित्रांनो, मला पुसा, जपा. पण कोणाच्या हाती देण्याआधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे, ते पाहा. आणि कधी धानाच्या बांधीत, भातखाचरात, सारस दिसला, तर देवकाबाईंची आठवण काढा.