माझे बत्तीस रुंद कप्पे

मित्रांनो, अर्नाळ्याच्या एका मासेमारी बोटीवर, जाळे ओढणाऱ्या विंचच्या पत्र्याच्या पेटीत राहणारा मी एक जुना प्रोसेसर आहे. देह नखाएवढा, पण पोटात बत्तीस रुंद कप्पे आहेत. त्यांना व्हेक्टर रजिस्टर म्हणतात. एकेकात चार आकडे एकदम मावतात. कित्येक वर्षे ते रिकामेच होते.

माझी कामे दोन: दोराचा वेग सांभाळणे आणि जाळ्याचा भार मोजणे. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळताना पहिल्याचे आकडे बाजूला जपून ठेवावे लागतात. ही जपणूक माझा प्रोग्राम लिहिणाऱ्या, तुळिंजच्या विघ्नेशने लिहून दिली होती. पण फक्त माझ्या रोजच्या वापरातल्या, एकेकच आकडा मावणाऱ्या अरुंद कप्प्यांपुरती. तेवढी पुरत होती. बोटीचा प्रमुख, तांडेल काशीराम, पेटीवर थाप मारून म्हणे, "हा माझा सहावा खलाशी. चहापन मागत नाय!"

यंदा नारळी पौर्णिमा तोंडावर असताना विघ्नेशने नवा कंपायलर घेतला. माणसाचा प्रोग्राम माझ्या भाषेत उतरवणारा तो दुभाषी. काही न सांगितल्यास हा नवा दुभाषी वेगासाठी आपणहून रुंद कप्पे वापरत असे. विघ्नेशने मूळ सेटिंग न वाचताच तशीच ठेवून माझा प्रोग्राम पुन्हा उतरवून घेतला. किनाऱ्यावर त्याने वेग वेगळा तपासला, भार वेगळा. दोन्ही एकदम तपासायला भरलेले जाळे लागते, आणि ते समुद्रातच मिळते.

बोट समुद्रात गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते मिळाले. वेगाचे आकडे रुंद कप्प्यांत होते, आणि त्यांची जपणूक कुणी लिहिलीच नव्हती. भाराचे काम आले आणि त्याच कप्प्यांत आपले आकडे ओतून गेले. मी परतलो तेव्हा वेगाच्या जागी भार होता. आज्ञाधारकपणे मी तेवढा वेग दिला. विंच किंचाळला. दोर ड्रमवर नीट बसावा म्हणून काशीरामने त्यावर हात ठेवला होता. दोराने तो आत खेचला आणि तीन बोटे चिरडून तोडली. रक्त फटीतून माझ्यावर ठिबकले. एका खलाशाने वीज तोडताच काशीरामने डाव्या हाताने हातोडा उचलला.

"हरामखोरा! हात खाल्लास माझा!"

घावामागून घाव बसले. पेटी फाटली.

विघ्नेशने मला घरी नेले; चूक सापडायला त्याला सात दिवस लागले. ती सापडली तेव्हा तो भिंतीवर डोके आपटत राहिला. मग त्याने रुंद कप्प्यांचीही जपणूक लिहिली आणि मला नवी पेटी केली. जखम भरल्यावर काशीराम त्याच्या दारात उभा राहिला आणि माझ्याकडे पाहू लागला.

"कशापायी केलं यानं?"

"यानं नाही, काका. मी केलं. मी वाचलं नाही."

काशीरामने पेटी त्याच्याकडे सरकवली. "बसव परत. पन जाळं वर येताना दोरावर हात तुझा. खोल पान्यात."

मित्रांनो, कुणी परस्पर ठरवून ठेवलेल्या गोष्टी एकदा उघडून वाचा. त्यांच्या टोकाला कुणाचा तरी हात असतो.

पुढच्या फेरीत तो विघ्नेशचा होता. भरलेले जाळे वर निघाले, भाराने हाक दिली. मी बत्तीसही कप्पे बाजूला जपून ठेवले, भार मोजला, एकेक आकडा परत उचलला. दोर संथपणे वर येत राहिला.

काशीरामने उरलेल्या दोन बोटांनी माझ्या पेटीवर थाप मारली.