कृपयाचा खोकला

दावा मंजूर झाला. कामाच्या जागेतल्या बुरशीनेच कृपयाची फुप्फुसं बिघडली हे कामगार भरपाई कार्यालयाने मान्य केलं, त्या खोलीत तिला पुन्हा पाऊल टाकायला लागणार नाही असं ठरलं, औषधपाण्याची सोय झाली, आणि आईने आनंदाच्या भरात शेजारणीला कडकडून मिठी मारली. त्या दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

असं काहीही झालेलं नाही. मिठीसुद्धा नाही. वरील प्रकार घडलाच नाही असं समजावं, अशी कार्यालयाची स्पष्ट सूचना आहे, आणि ती मोडायची कुणाची टाप आहे? तेव्हा मुकाट्याने मागे जाऊ या.

कृपया हे काही तिचं खरं नाव नव्हे. कुठेही फोन लावला की खरा माणूस भेटायच्या आधी एक बाई भेटते ना, ती ही. 'कृपया प्रतीक्षा करा. कृपया एक दाबा. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' बँक, दवाखाना, वीज, पाणी, अर्धं शहर तिच्याच आवाजात ताटकळत असे. स्टुडिओत सगळे तिला कृपयाच म्हणत, आणि कुणी खऱ्या नावाने हाक मारली की ती मागे वळून बघे, कोणाला बोलावताहेत म्हणून.

आईची एकच तक्रार होती. "जगाशी साखरेत घोळवून बोलतेस आणि घरात आलीस की वसकन अंगावर येतेस. त्यापेक्षा मी बँकेलाच फोन करते. तिथे तरी लेक धड बोलते." आणि ती खरंच करायची. बँकेत तिचं खातंसुद्धा नव्हतं.

कृपया जिथे बसून बोलायची ती खोली कपाटाची थोरली बहीण म्हणावी एवढीच. चारी भिंतींना काळा स्पंज, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. जाड दार, त्याला रबराची कड. समोर काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा. छताला पंखा होता, पण काम सुरू झालं की तो बंद, कारण माईक त्याची घरघर पकडतो. एसीचा पाइप भिंतीतून गेला होता आणि मनापासून गळत होता. ते पाणी स्पंजामागे मुरलं. आधी वास आला, ओला मोजा पिशवीत विसरल्यासारखा. मग कोपऱ्यात हिरवट ठिपके आले. मग ठिपक्यांना केस आले.

मालक माणूस प्रेमळ, फक्त दुरुस्तीचा विषय निघाला की बहिरा.

"अगं, बुरशी कसली? स्पंज मुरला की त्याला लव येते."

"लव?"

"चांगल्या प्रतीच्या स्पंजालाच येते. हलक्याला येत नाही."

खोकला आला तेव्हा कृपयाने तोही चांगल्या प्रतीचा असेल म्हणून सोडून दिला. पण मग घरचा जिना चढताना मधेच बसावं लागायला लागलं. वाक्य संपायच्या आधी हवा संपायला लागली. सुट्टीच्या दिवशी बरं वाटायचं आणि खोलीत गेलं की छातीवर कुणीतरी येऊन बसायचं, तेही ऐसपैस.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि उलटसुलट करून पुन्हा पुन्हा बघितला. डॉक्टर दुसऱ्यांदा फोटो बघायला लागला की माणसाचं निम्मं आजारपण तिथेच वाढतं.

"फुप्फुसं त्या बुरशीशी भांडताहेत," ते शेवटी म्हणाले. "अजून त्या खोलीत बसत राहिलात तर ती कडक होतील. मग औषधाने मऊ होत नाहीत."

"कडक झाली की काय होतं?"

"श्वास आत जातो, पण त्याला तिथे जागा नसते."

त्या दिवसापासून कृपयाला श्वास घेणं हे काम झालं. भाजी चिरताना, केस विंचरताना ती मनात म्हणायची, आत, बाहेर, आत. लक्ष चुकलं तर आपण विसरूनच जाऊ अशी धास्ती. दुपारी आई तिच्या पाठीला कान लावून बसायची.

"काय ऐकू येतंय?"

"दार. आत कुणीतरी गंजलेलं दार उघडतंय नि लावतंय."

"आई!"

"मग विचारायचं नाही. मला खोटं बोलता येत नाही, ते तुझं काम."

कृपयाने भरपाई कार्यालयात दावा टाकला. दावा मान्य झाला तर ती खोली कायमची सुटणार होती. अमान्य झाला तर मालकाने सांगून ठेवलं होतं, "सोमवारी आत बस, नाहीतर मला दुसरा आवाज बघावा लागेल." घर तिच्या आवाजावर चालत होतं आणि औषधंही त्यावरच. म्हणजे जगायचं तर ज्या खोलीने मरायला होतं तिथेच जायचं, हा हिशेब तिला शंभरदा मांडूनही सुटेना.

दाव्याचं काय झालं विचारायला तिने कार्यालयाला फोन लावला. पलीकडून तीच बोलली. "आपलं आरोग्य आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. कृपया प्रतीक्षा करा." खोकल्याच्या आधीचं रेकॉर्डिंग होतं ते, दोन्ही फुप्फुसं शाबूत असतानाचं. किती निवांत बोलत होती ती बाई! कृपयाला तिचा हेवा वाटला, मग राग आला, आणि मग, आपणच सांगितलंय म्हणून, ती प्रतीक्षा करत बसली.

सुनावणीला कार्यालयाचे तज्ज्ञ डॉक्टर होते. मऊ स्वभावाचे, दर वाक्याला मान हलवणारे.

"बाई, मालकांनी तुमचं सगळं रेकॉर्डिंग पाठवलंय. मी सगळं ऐकलं. एकही खोकला नाही."

"खोकला काढून टाकतात साहेब."

"कोण काढतं?"

मागच्या बाकावरून कात्री उठला. काचेपलीकडे बसणारा तो. आवाजातला खरखराट, खोकला, ओठांची मचमच असं सगळं तो इतक्या सफाईने कापायचा की त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसे.

"मी काढतो," तो म्हणाला, आणि आवाजात नको तेवढा अभिमान होता.

"पण नुसता खोकलाच नाही," तज्ज्ञांनी मान हलवली. "ह्यात बाई श्वासही घेत नाहीत. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये एकदाही नाही."

"तोही मीच काढतो. फोनवर श्वास ऐकू आला तर लोकांना वाटतं पलीकडे कुणी जिवंत आहे. मग भांडायला लागतात."

"असेल. पण माझी अडचण समजून घ्या. जी व्यक्ती कामाच्या वेळेत श्वास घेत नाही, तिच्या फुप्फुसात कामाच्या जागेची हवा शिरली कशी? कापलेला माल कुठे आहे?"

"कापलेलं राहत नाही साहेब. म्हणून तर कापायचं."

कृपयाला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. तज्ज्ञांनी सहानुभूतीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हा खोकला कामाच्या जागेबाहेरचा असल्यामुळे विचारात घेता येणार नाही असं सांगितलं. मग त्यांनी तोडगा काढला. प्रत्यक्ष चाचणी. बाईंनी एकदाच त्या खोलीत बसून काम करावं, ते स्वतः काचेपलीकडे बसतील, आणि खोकला रेकॉर्ड झाला की विषय मिटला.

"एकदाच," ते म्हणाले.

चाचणीच्या सकाळी आईने तिला दारापर्यंत सोडलं. एरवी टोमणा मारल्याशिवाय तिचा निरोप पुरा होत नसे. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही, आणि तेवढ्यानेच कृपयाचं अवसान गळालं.

खोलीचं दार लागताना रबर चुपकन चिकटलं. बाहेरचं सगळं जग एका क्षणात पुसलं गेलं. अशा शांततेत माणसाला आपलंच रक्त ऐकू येतं. कृपयाला तिचं धावताना ऐकू आलं. स्पंजावरची लव आता कोपरा सोडून माईकच्या उंचीपर्यंत आली होती, जणू पुढच्या नोकरभरतीला तीच उभी राहणार होती. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. काचेपलीकडे तज्ज्ञांनी हेडफोन चढवले आणि मान हलवली.

समोरचा कागद भरपाई कार्यालयाच्याच नव्या संदेशांचा होता. एका कामात दोन कामं होतील, असं मालकाचं म्हणणं.

"आपला दावा विचाराधीन आहे," ती म्हणाली, आणि खोकली.

"आपला दावा मंजूर झाला आहे." हे वाक्य तिने जितक्या मनापासून म्हटलं तितकं आयुष्यात काही म्हटलं नसेल. मधे दोनदा थांबावं लागलं. छातीवरचा तो इसम येऊन बसला होता, आणि आज त्याने बिऱ्हाडही आणलं होतं.

"आपला दावा ना..."

हवा संपली. तिने आत ओढली तर आत काही जाईना, नुसता तो ओल्या मोज्याचा वास. डोळ्यांपुढे काच तिरकी झाली. तिने काचेवर थापा मारल्या. पलीकडे त्या माईकमधून इतक्या जोरात ऐकू गेल्या की तज्ज्ञांनी कान दुखले म्हणून हेडफोन काढून ठेवले. दाराची मूठ जिथे रोज असते तिथे नव्हती. आणि त्या घटकेला तिला मरणाची भीती वाटली नाही, भलतीच वाटली. आपण इथे संपलो तरी फोनवरची ती संपणार नाही. आई रोज बँकेला फोन करील, ती आईला गोड आवाजात प्रतीक्षा करा म्हणेल, आणि आई करत बसेल.

दार कात्रीने उघडलं. कृपया बाहेरच्या फरशीवर पालथी पडून हवा पीत राहिली. तज्ज्ञही पांढरेफटक झाले होते आणि दारातून आलेल्या वासाने त्यांनाही ठसका लागला होता.

"मी पाहिलं," ते म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलं, बाई. आता फक्त ते रेकॉर्डिंग पाठवा. माझं पाहणं फाइलीला लावता येत नाही."

घरी आल्यावर कृपया त्या भीतीतही पहिल्यांदा पोटभर जेवली. काही दिवसांनी फोन वाजला, तो आईने उचलला, आणि ऐकता ऐकता तिचा चेहराच बदलला. "अगं तूच आहेस! तूच म्हणतेयस, मंजूर झालाय!" फोन कृपयाच्या हातात कोंबून आई अनवाणीच शेजारणीकडे धावली. पुढचं आपण सुरुवातीला वाचलं नाही, ते हेच.

कृपयाने फोन कानाला लावला. संदेश पुन्हा वाजला. "आपला दावा मंजूर झाला आहे." स्वच्छ, गोड, सलग. मधे थांबणं नाही, खोकला नाही, श्वास नाही.

तिने कात्रीला फोन लावला.

"तू त्यांना काय पाठवलंस?"

"रेकॉर्डिंग. त्याच दिवशी पाठवलं."

"कुठलं?"

"कृपया," तो म्हणाला. त्याची बोबडी वळली होती. "अगं, हात... हात आपोआप... खराब माल बाहेर पाठवायची सवयच नाही गं मला. मी बसलो आणि साफ करून टाकलं."

"आणि मूळचं?"

"मूळचं मी कधी ठेवलंय?"

तिला त्याला शिव्या घालायच्या होत्या, पण एवढ्या शिव्यांना लागणारी हवा नव्हती. तो रडत होता. रडताना मात्र त्याचा श्वास चांगला मोठ्याने ऐकू येत होता.

संध्याकाळी कार्यालयातून एका माणसाचा फोन आला. खरा, जिवंत माणूस.

"बाई, सकाळचा कॉल चुकून गेलाय. नवे संदेश लागतात का ते बघत होतो. तो आलाच नाही असं समजा."

"मग माझा निर्णय?"

"तो पुढच्या बटणावर आहे."

"पुढच्या म्हणजे?"

"आता मी काय सांगू? तुम्हीच वाचलाय ना तो. तुकडे जोडून छान बसवलाय. चाचणीत खोकला आढळला नाही, असं कारण आहे. आवाजाचं मात्र साहेबांनी कौतुक केलंय."

"तज्ज्ञ डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना विचारा."

"ते रजेवर आहेत. तुमच्या स्टुडिओतून आल्यापासून त्यांना खोकला झालाय. त्यांची आजारपणाची रजा मंजूर झाली." "हरकत असेल तर आपल्या नेहमीच्या नंबरवर नोंदवा. ती कार्यालयाच्या मंडळापुढे जाते."

आई शेजारणीकडून परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. कृपयाकडे बघून ते हळूहळू उतरलं. ती जवळ येऊन बसली आणि पाठीला कान लावला.

सोमवार तोंडावर आला होता. कृपयाने नेहमीचा नंबर फिरवला. पलीकडची ती तंदुरुस्त बाई म्हणाली, "हरकत नोंदवण्यासाठी कृपया बीपनंतर थोडक्यात बोला." बीप वाजला. कृपयाने जमेल तेवढी हवा आत घेतली, आणि थांबत, खोकत, पुन्हा सुरू करत, आपल्या सगळ्यात चांगल्या आवाजात बोलली:

"मंडळास नम्र विनंती, की माझ्या हरकतीवरची सुनावणी मंडळाच्या सर्व सभासदांनी त्याच खोलीत बसून घ्यावी. पंखा बंद ठेवावा आणि दार नीट लावून घ्यावं. निकाल कुणाही एका सभासदाने मोठ्याने, मधे एकदाही श्वास न घेता वाचून दाखवावा, आणि तो पूर्ण वाचून होईपर्यंत बाहेरून दार उघडण्याची परवानगी कोणासही देण्यात येऊ नये."