भिकाजीची निवड

सन सव्वीसच्या सुमारास रत्नागिरीत एका परदेशी पाद्र्याच्या हाताखाली भिकाजी उपदेशकाचं काम करी. तारण कुणाचं व्हायचं ते देवानं जग घडवण्याआधीच ठरवलंय, माणसाच्या पुण्याईचा तिथे काही संबंध नाही, असं साहेबांनी त्याला शिकवलं. साहेब हे सांगताना नजर खाली घालत. भिकाजीनं मात्र ऐकता ऐकता मान ताठ केली. आपली निवड झालीय याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही. शंका होती ती बाकीच्यांबद्दल.

"आणि माझं काय?" त्याच्या बायकोनं, गोदानं, भाकरी थापता थापता विचारलं.

बाजारात बांगडा उलटून पाहावा तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुझी लक्षणं काही बरी दिसत नाहीत."

"पण माझ्या हातची भाकरी चालते!" गोदा म्हणाली.

एकदा तो पूर्णगडला गेला. खाडी ओलांडायला रावजी तांडेलाची होडी होती. होडीत बसल्या बसल्या भिकाजीनं खलाशांना उपदेश सुरू केला. "तुमच्यातले बहुतेक नरकात जाणार. माझी जागा मात्र वर धरलेली आहे."

"आता ती जाणार नाय?" रावजीनं विचारलं.

"आभाळ कोसळलं तरी नाही!"

खाडीच्या तोंडाशी वारा फिरला. होडी दणका खाऊन अडली आणि आत पाणी उसळलं. खलाशी पाणी उपसू लागले. रावजी ओरडला, "वजन जास्त झालंय. एकानं उतराय पायजे!"

सगळ्यांनी भिकाजीकडे पाहिलं.

"मास्तर, तुमीच उतरा," रावजी हात जोडून म्हणाला. "आमी मेलो तर थेट नरकात. तुमची जागा तर धरलेली हाय."

भिकाजीनं डोलकाठीला मिठी मारली. "अरे, माझं कुठे पक्कं आहे! मी आपला अंदाजानं बोललो! गोदाला विचारा, मी फार वाईट माणूस आहे!"

दोघांनी त्याची मिठी सोडवली आणि त्याला उचलून पाण्यात सोडलं. डोळे गच्च मिटून त्यानं आधी येशूचा धावा केला, मग राहवलं नाही म्हणून गावच्या भगवतीचाही केला.

पाणी गुडघ्याला लागलं. होडी वाळूच्या दांड्यावर रुतली होती, ती हलकी होऊन सुटली. खलाशी पोट धरधरून हसत होते.

"उतरा म्हनलं, मास्तर," रावजी त्याला हात देऊन होडीत घेत म्हणाला. "बुडा कोण म्हनलं?"

भिकाजी भिजलेल्या धोतरानं घरी आला. गोदानं कोरडं धोतर पुढे केलं आणि भाकरी वाढली.

रविवारी साहेबांनी विचारलं, "पूर्णगडची माणसं ऐकतात का?"

"ऐकतात साहेब. एकूण एक शब्द ध्यानात ठेवतात."

साहेबांना फार समाधान वाटलं. ती संधी साधून भिकाजीनं घाटाकडच्या गावांचं काम मागून घेतलं. तिकडे जायला होडी लागत नाही.