तिसरा पोटहिस्सा

"अवं, हे बोलून राह्यलं! आयकलं का?"

नीळकंठ सरांनी बसल्या खुर्चीत टाळी वाजवली. कॉम्प्युटर खरोखरच बोलू लागला होता. इंग्रजीत, नाकातून, धाप लागल्यासारखा. त्याच खोलीत पलीकडच्या कोनाड्यापाशी पद्मजाबाई पिंडीवर बेल वाहत होत्या. चौऱ्याऐंशीवं पान ठेवून त्यांनी हातातल्या बांगड्या दोनदा वाजवल्या. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत या घरात नवराबायकोचं बोलणं एवढंच.

एकोणीस वर्षांपूर्वी मुलाचा, श्रेयसचा, मेंदूज्वर उतरला, तेव्हापासूनचं हे नवसाचं मौन. मेहकरच्या भूमी अभिलेख कार्यालयात नोकरी करतानाही बाईंनी ते पाळलं. सोमवारी सकाळी कोणी गट नंबर विचारला, तर त्या चिठ्ठीवर लिहून देत. लोक हसत, पण बाईंनी पाडलेल्या पोटहिस्स्यात कधी गुंठ्याचा फरक निघाला नाही. आई गेल्याची बातमीसुद्धा सोमवारीच आली होती. बाई घड्याळाकडे बघत रडल्या, आवाज न करता.

मौन जड झालं ते दोन वर्षांपूर्वी, सरांचे डोळे काचबिंदूने गेले तेव्हा. एकाला दिसत नाही आणि दुसरीला बोलायचं नाही. मग या बांगड्या आल्या.

सर शाळेत मराठी शिकवायचे. दुसरबीडपासून देऊळघाटपर्यंतची पोरं वर्गात जे शब्द बोलत, ते सर वहीत टिपून घेत आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर चढवत. तीस वर्षांत वऱ्हाडी बोलीचे अकरा हजार शब्द जमले. 'स' संपला, 'ह' राहिला, आणि पडदा दिसेनासा झाला. वह्या वाळवीने केव्हाच संपवल्या होत्या. जे होतं ते कॉम्प्युटरात.

यातून वाट काढली धम्मरत्नने. सरांचाच विद्यार्थी, आता कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला. कॉम्प्युटरवर सरांची जुनी विंडोज होती, आणि श्रेयसने पुण्याला जाण्याआधी टाकलेलं दुसरं, उबुंटू नावाचं लिनक्स होतं; शब्दकोश त्यानेच त्यात ठेवला होता. धम्मरत्न म्हणाला, "या दोघायले हातच नाई लावायचा, काकू. बाजूले तिसरं लिनक्स टाकू. ते पहिल्या मिंटापासून बोलते, मराठीबी वाचून दाखोते. वावरात तिसरा हिस्सा पाडते ना, तसंच."

हे बाईंना लगेच समजलं.

मागच्या सोमवारी येऊन त्याने डिस्कवर चाळीस जीबीची जागा मोकळी केली. बाईंनी कोणत्या भागाचं क्षेत्र किती, ते सवयीने एका कागदावर उतरवून घेतलं. जाताना त्याने नवं लिनक्स भरून आणायला पेन ड्राइव्ह मागितला. बाईंनी नवा विकत आणायला पैसे होते त्या टेबलाच्या खणाकडे बोट दाखवलं. त्याने समोर दिसला तो उचलला. देवाच्या कोनाड्यातला, लाल. त्यात शब्दकोशाची एकुलती एक नक्कल होती. बाईंनी बांगडी वाजवली, पुन्हा वाजवली. धम्मरत्नला वाटलं, काकूंची आरती खोळंबली. बाई चिठ्ठी लिहायला कागद ओढेपर्यंत त्याने देवाला हात जोडले आणि निघून गेला. तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते.

बाराच्या ठोक्याला बाईंनी फोन केला.

"काकू, त्याच्यावर तं मी कवाचंच लिनक्स चढोलं," तो म्हणाला, आणि मग त्याचाच आवाज बसला. "जुनं सारं पुसलं गेलं न."

पुढच्या सोमवारी नवा पेन ड्राइव्ह आणायचा, आधी नक्कल काढायची, मगच बाकीचं, असं दोघांनी ठरवलं. सरांना बाईंनी काही सांगितलं नाही.

आणि आज सकाळी धम्मरत्नला अचानक परीक्षेची ड्युटी लागली. त्याने सरांना फोन केला. "फोन बाहीर जमा करा लागते, सर. लिनक्सचा पेन तं रविवारीच आनून देला मी, पन आपन पुढच्या सोमवारी करू."

"काऊन पुढच्या? हे बोलते ना? मंग मी आयकतो आन करतो. तू फक्त रिकामी जागा कितवी, ते सांग."

"तिसरी हाय, सर, पन..." फोन बंद झाला.

बाईंनी बांगडी वाजवली. एकदा.

"तुह्या देवाचं तू पाय," सर हसून म्हणाले, "मशीनचं मी पायतो."

आता मशीन बोलत होतं आणि सर बाणाच्या बटणाने एकेक ओळ खाली उतरत होते. "एक... दोन... तीन. हेच." त्यांनी एंटर दाबलं. मशीनने काहीतरी विचारलं. सरांनी पुन्हा दाबलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांची पाठ इतकी ताठ होती.

बाईंनी पंच्याऐंशीवं पान उचललं आणि सहज पडद्याकडे पाहिलं. लांबचं त्यांना स्वच्छ दिसे. एकतीस वर्षं त्या नजरेने क्षेत्राचे रकानेच वाचले होते. पहिल्या ओळीत अर्ध्या जीबीची एक चिंधी होती, विंडोजने स्वतःसाठी ठेवलेली. बांधावरच्या पट्टीसारखी ती धम्मरत्नने मोजलीच नव्हती. म्हणजे त्याचं तिसरं इथे चौथं होतं. सरांनी निवडलेल्या ओळीवर चाळीस नव्हते, एकशेवीस होते. तिथे श्रेयसचं उबुंटू आणि त्यातला शब्दकोश होता. खाली प्रश्न आला होता, हा भाग पुसून टाकायचा का? आणि सर 'नाही'वरून 'होय'वर आले होते.

बाईंनी बांगडी वाजवली. मशीन मोठ्याने बोलत होतं. त्यांनी हात जमिनीवर आपटला. एक बांगडी फुटली. सरांचं बोट एंटरवर टेकलं.

"थांबा! बोट उचला!"

सरांचं बोट हवेत राहिलं. मशीन तोच प्रश्न पुन्हा विचारत होतं.

"तू... बोलली?"

"बोलले."

"बारा वाजले?"

"अकरा वाजून दहा मिंटं झाले." त्या उठून जवळ आल्या, सरांचा हात धरून बाजूला केला. "त्या ओळीत तुमचा कोश हाय. पुसून टाकत होते तुमी."

सरांनी कोनाड्याच्या दिशेने मान वळवली. "देवापाशी नक्कल हाय ना, लाल पेनात."

"तोच पेन तुमी मशीनले खोसला हाय," बाई म्हणाल्या, आणि मागच्या सोमवारचं सगळं त्यांनी सांगून टाकलं. सांगताना थांबल्या नाहीत. सरांचा हात टेबलाची कड शोधत होता.

"म्हंजे एंटर दाबलं असतं तं..."

"अ पासून स पर्यंत सारं वावर साफ."

कड धरून सर म्हणाले, "मंग मागच्या सोमवारी काऊन नाई बोलली?"

"देवाले भेले."

"आन आज?"

"आज भ्याचं सुचलंच नाई."

सरांनी मान खाली घातली. हसले की काय, ते बाईंना आधी कळलं नाही. मग खांदे हलताना दिसले आणि त्यांनाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सात दिवसांचं ओझं उतरलं होतं. पिंडीकडे बघायची त्यांना भीती वाटत होती. बघितलं तर दिवा शांत जळत होता.

"आता?" सरांनी विचारलं. "ठेवू का पुढच्या सोमवारवर?"

"काऊन? मोजनी अर्धी टाकून कोनी उठते का? पन आधी नक्कल."

शेजारच्या पंचफुलाबाईंच्या छकुलीचा पेन ड्राइव्ह आला. त्यात हळदीच्या नाचाची गाणी होती. "सारे पुसा, काकू," छकुली म्हणाली. "नाई," बाई म्हणाल्या, "पुसायचं काईच नाई. जागा पुरते." गाण्यांच्या बाजूला शब्दकोश बसला. बाईंनी तो तीनदा उघडून पाहिला, शेवटच्या शब्दापर्यंत.

मग त्या उभ्या राहून आकडे वाचू लागल्या आणि सर बटणं दाबू लागले. "ही चिंधी, सोडा. ही तुमची विंडोज, सोडा. हे एकशेवीस, कोश, याले हात नाई. खाली या. चाळीस, रिकामं. हेच. दाबा."

दुपारी दोनला मशीन नव्याने सुरू झालं. पडद्यावर तीन नावं होती. बाईंनी आधी दोन्ही जुनी उघडली, फिरून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. मगच तिसरं सरांच्या हाती दिलं.

मशीन मराठीत कोश वाचू लागलं. 'अदमुऱ्या'ला ते असं काही अडखळलं, की सर ओरडले, "अबे, पुण्याहून आला का तू?"

मग बोटांनी चाचपत त्यांनी नवी ओळ उघडली आणि ते लिहू लागले. मशीनने एकेक अक्षर उच्चारलं. हेला. म्हणजे रेडा.

"एक वाक्य सांग."

"हेला पान्यात बसला, का कोनाचं आयकत नाई."

"हे माह्यावर हाय."

"लिहा तं खरं."

सर लिहू लागले. पुढचा शब्द, त्याच्या पुढचा. बाईंनी चहाचा कप त्यांच्या हाताला लागेल असा ठेवला. पडद्यावर अक्षरं उमटत होती आणि त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी पडद्याचं बटण बंद केलं. काच काळी झाली. सरांची बोटं चालूच होती.