साप जिवंत असेपर्यंत

हरेश मागल्या दारी पाय धुवायला गेला तसा नम्रताने खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला. घाईघाईने कळा दाबत ती सापाच्या खेळात शिरली आणि टॉप स्कोरवर येऊन थांबली. चौदाशे शहाऐंशी. सकाळी डबा भरताना तिने मुद्दाम बघून ठेवलं होतं, तेव्हा बाराशे सात होता. बॅटरीची एकच काडी उरली होती. पाण्याचा आवाज थांबला. तिने फोन होता तसा, पडदा आतल्या बाजूला करून, खिशात सरकवला आणि उगाचच शर्टाची कॉलर सारखी केली.

फोन दिवाळीत आला होता, कोणाचा तरी वापरलेला. गावात संध्याकाळी सहाला वीज जायची ती साडेनऊला यायची. टीव्ही मुका, पंखा बंद. मग रविना झोपेपर्यंत दोघं चिमणीच्या उजेडात साप खेळायची. ज्याचा साप आधी मरेल त्याने भांडी घासायची, अशी पैज. हरेश हरला की खरंच ताटं घेऊन अंधारात मोरीवर बसायचा आणि शेजारच्या घरातून कोणी खाकरलं की मोठ्याने म्हणायचा, "काय करता! बी.कॉम. बायको केली, तिची भांडी घासतोय." नम्रता पदर तोंडात धरून हसायची.

गेला महिनाभर पैज राहिली नव्हती. तो एकटाच खेळायचा आणि हसायचा नाही. आकडा मात्र रोज वाढत होता, आणि वाढत होता तो दिवसा.

कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. वाशिंदच्या कंपनीत पॅकिंगला लागला तेव्हा केवढ्या कौतुकाने सांगितलं होतं. गेटवर वॉचमनकडे लाकडी कपाट, त्यात ज्याच्या त्याच्या नंबरचा खण, त्याचा बावीस. सकाळी फोन खणात, सुटी झाली की हातात. मग वाशिंद ते आटगाव गाडीत पंधरा-वीस मिनिटं, पुढे गावापर्यंत सायकल. चौदाशेचा साप तेवढ्या वेळात वाढत नाही. तीनशेच्या पुढे तो आपल्याच शेपटीत कसा अडकतो, हे नम्रतालाही ठाऊक होतं.

"कसा गेला आजचा दिवस?" तिने चहा पुढे ठेवत विचारलं.

"रोजच्यासारखा."

"काम खूप होतं?"

"कामच हाय ना गो. कमी कधी असतं?" त्याने कप घेतला आणि दुसरा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तीन तारीख होती. सात तारखेला पगार. हरेशची सायकल वळणाआड गेल्यावर नम्रताने रविनाला फ्रॉक घातला, जावेला सांगितलं की पोरीला लशीच्या डोसाला नेते, आणि आटगावहून अकराच्या सुमाराची गाडी धरली. गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. रविना खिडकीशी उभी राहून प्रत्येक झाडाला टाटा करत होती. काही नसेलच, नम्रता स्वतःला सांगत होती. गेटवर नियम बदलले असतील. साहेब चांगला असेल, मधल्या सुटीत फोन देत असेल.

कंपनीच्या गेटवर वॉचमन खुर्चीत बसून तंबाखू मळत होता. त्याच्या मागे लाकडी कपाट होतं, हरेशने सांगितलं होतं अगदी तसंच.

"पॅकिंगमधल्या हरेशना निरोप द्यायचा होता. आटगावकडचे."

वॉचमनने तिच्याकडे पाहिलं, मग रविनाकडे. तंबाखू मळायचा थांबला.

"त्या सगळ्या लॉटला ब्रेक देऊन घरी बसवलं ना वैनी. गेल्या महिन्यात, पगार झाला त्याच दिवशी. सात महिने भरले का देतातच. जास्त ठेवलं तर परमनंट करायला लागतं."

"परत कधी घेतात?"

"ते ठेकेदाराला म्हायती. घेतात कधी. नायतर नवी पोरं भरतात." तो जरा थांबला. "तुमाला बोलला नाय?"

"बोलले होते," नम्रता म्हणाली. "माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

असलं कोणाच्या ध्यानात राहत नाही? वॉचमनने मान हलवली आणि तिच्याकडे बघायचं टाळून रविनाला विचारलं, "काय गो, पाणी पायजे?" बाविसाव्या खणात लाल कव्हरचा कोणाचा तरी फोन होता.

ती स्टेशनवर आली तेव्हा परतीच्या गाडीला अर्धा तास होता. ती बाकावर बसली. रविनाला बिस्किटाचा पुडा फोडून दिला.  आणि तेवढ्यात तिला हसणं ऐकू आलं.

हसणं तिने आधी ओळखलं, माणूस नंतर दिसला. फलाटाच्या पार टोकाला, नळाच्या पलीकडे चौघे जण कट्ट्यावर डोकी जोडून बसले होते. मागच्या कुंपणाला चार डब्यांच्या पिशव्या ओळीने टांगल्या होत्या. त्यातली निळी तिने स्वतः शिवलेली. हरेशचा रेल्वेचा पास वाशिंदपर्यंतचा होता. तो बरोबर तिथपर्यंत येत होता.

"कडंकडंनं घे रे, कडंकडंनं!"

"तू गप. ध्यान जातं."

"गेला, गेला... नाय, वाचला!"

"एवढा हात कंपनीत चालवला असतास ना हरेश, तर साहेबानं पोरगी दिली असती तुला."

"बायको हाय मला," हरेशचा आवाज. "साहेबाला म्हण, परमनंट दे."

चौघेही खदखदून हसले. नम्रता उठली होती. जाऊन समोर उभं राहायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. दोन पावलं टाकलीही.

तेवढ्यात कंपनीचा साडेबाराचा भोंगा झाला.

चौघांनी एकदम माना वर केल्या. हरेशने फोन खिशात घातला.  एकामागोमाग एक ते नळावर गेले, हात धुतले, शर्टाला पुसले, पिशव्या काढल्या आणि कट्ट्यावर डबे उघडून बसले. हरेशने घडीची पोळी उलगडली आणि चटणीची पुडी शेजाऱ्यापुढे सरकवली. जेवताना कोणी हसत नव्हतं. जेवायला तीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात आटपायचं, तसे ते भराभर खात होते.

"बा—" रविना म्हणाली.

नम्रताने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला उचलून खांबामागे नेलं. पोरीला तो खेळ वाटला. बिस्किटाच्या ओल्या ओठांनी ती आईच्या तळव्यावर फुर्र करत राहिली. गाडी येईपर्यंत नम्रताने हात काढला नाही.

हरेश संध्याकाळी ठरल्या वेळेला आला. पाय धुतले, चहा घेतला, वीज गेली. नम्रताने स्टोव्हवर भात चढवला. तो भिंतीला टेकून खेळत होता, रविना त्याच्या मांडीत. फोनचा हिरवट उजेड दोघांच्या हनुवटीवर पडला होता.

"बाबा टेसनवर," रविना म्हणाली. "बाबा हसला."

हरेशचा अंगठा थांबला. साप मेला, फोन थरथरला आणि गप्प झाला.

"डोसाला नेली होती आज," नम्रता भातावर झाकण ठेवत म्हणाली. "गाडी बघितली तिने. गाडीत बाबा असतो, असं मीच सांगितलं."

"कुठं नेली होतीस?"

शहापूर म्हणता आलं असतं. आटगावच्या पुढे गेलेच नाही, असंही म्हणता आलं असतं. नम्रताने चिमणीची वात खाली केली, परत वर केली.

"वाशिंदला."

हरेशने फोन मांडीवर ठेवला.  रविनाने फोनची कळ दाबून पाहिली, काही होईना तशी बापाच्या छातीवर डोकं टेकलं.

"सात तारखेला..." हरेश म्हणाला.

नम्रता त्याच्याकडे वळली. तो तिच्याकडे पाहत नव्हता.  दुपारी कट्ट्यावर जेवताना होता तोच चेहरा, तसाच घाईतला, तसाच गप्प. तो आता बोलेल, आणि बोलला की सात तारीख याच घरात येऊन बसेल, तिच्यामागून आठ, नऊ.

"घे," तो म्हणाला आणि फोन तिच्यापुढे धरला. "तुझा डाव."

तिने घेतला. साप लहान होता, सरळ चालला होता. तिने त्याला वळवलं. पन्नास झाले, शंभर झाले. हरेश रविनाला सावरत सरकून तिच्या खांद्याशी आला. दोनशे. साप लांब झाला, पडद्यावर मोकळी जागा कमी होत गेली. त्याचा श्वास तिच्या कानाशी लागत होता.

"कडंकडंनं घे," तो हळूच म्हणाला.

तिने कडेकडेने घेतलं. चारशे. एवढा आकडा तिचा कधीच झाला नव्हता. साप मेला की याला बोलावं लागणार होतं आणि तिला ऐकावं लागणार होतं. पापणी न हलवता ती खेळत राहिली.

खोलीत करपट वास पसरला.

"भात लागला वाटतं गो."

"लागू दे," नम्रता म्हणाली आणि सापाला त्याच्याच शेपटीपासून, अगदी जवळून, वळवून नेलं.