खाणीकडची भिंत

पद्मावतीबाईंनी नळीच्या एका टोकावर अंगठा दाबला आणि दुसरं टोक आनंदीच्या हातात दिलं.

"सरळ धर हां. सांडलंस तर तुलाच पुसायला लावीन."

तिसरीची मुलं हसली. गवंडी पातळी बघायला वापरतात तसली ती पारदर्शक नळी बाईंनी डिचोलीच्या बाजारातून आणली होती. सकाळपासून हाच धडा चालू होता. दगड वाटीत ठेवला, ताटात ठेवला, तो दगडच राहिला. पाणी मात्र वाटीत वाटीएवढं झालं आणि ताटात ताटभर पसरलं.

"पाण्याला स्वतःचा आकार नाही," बाई म्हणाल्या, "पण हट्ट आहे. नळी कितीही वाकडीतिकडी करा, दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर थांबतं. बघूया?"

समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर निळ्या रंगाच्या पट्ट्याची कड होती. मे महिन्यात खाण कंपनीने शाळा रंगवून दिली, तेव्हा रंगाऱ्याने अशीच नळी लावून ती आखली होती. बाईंनी अंगठा उचलून आपल्याकडचं पाणी त्या कडेला नेमकं टेकवलं.

"आनंदी, तुझ्याकडे?"

आनंदीचा बाप दोडामार्गहून खाणीवर ट्रक चालवायला आलेला. पोर एरवी कुणाला बोलू देत नसे. आत्ता ती मान तिरकी करून बघत राहिली.

"बाई, उदक फट मारता."

"पाणी खोटं बोलत नाही गो."

"मग रंगाऱ्यान फट मारली. उदक रेघेच्या वर आसा. दोन बोटां."

नळीत हवेचा बुडबुडा अडकला की असं होतं. बाईंनी टिचक्या मारत सगळी नळी तपासली. बुडबुडा नव्हता. त्यांनी टोकांची अदलाबदल केली. खाणीकडच्या भिंतीवर पाणी पुन्हा रेघेच्या दोन बोटं वर थांबलं.

बाईंनी भिंतीवर तळहात फिरवला. कुठे तडा नव्हता. भिंत होती तशीच होती, फक्त खाली गेली होती. खिडकीबाहेर, कुंपणापलीकडे खाणीचा खड्डा पावसाने काठोकाठ भरला होता. चतुर्थीनंतर काम सुरू करायचं म्हणून कालपासून पंप लावून तो उपसत होते. आता पाणी काठाच्या बरंच खाली दिसत होतं आणि इतके दिवस पाण्याने दाबून धरलेली काठाची लाल माती ओली, उघडी पडली होती.

"बाई, जेवणाचे पाव आले. धडा आवरा," हेडमास्तर शिवदास दारातून म्हणाले.

बाईंनी जवळ जाऊन त्यांना हळू आवाजात सांगितलं. ते हसले.

"एका नळीवरून शाळा सोडू? कंपनीला काय सांगू? मागे तुम्ही लिंबावर दिवा लावणार होता. लागला?"

"नाही लागला."

"मग?"

"एकदा तुम्हीच धरा, सर."

मुलांसमोर नाही म्हणवेना. हेडमास्तर खाणीकडच्या भिंतीशी उकिडवे बसले. बाई समोर गेल्या, आपल्याकडचं पाणी रेघेला लावलं आणि थांबल्या. आनंदीने सरांच्या खांद्यावरून वाकून रेघेवर बोटं ठेवली.

"सर, तीन."

"माझा हात हलला असेल."

त्यांनी कोपर बाकावर टेकवलं. पाणी डुललं, स्थिर झालं. आनंदीने पुन्हा बोटं लावली. या वेळीही तीन. बोटं तशीच ठेवून तिने सरांकडे पाहिलं.

हेडमास्तरांनी नळी सावकाश जमिनीवर ठेवली. पाणी फरशीवर वाहू लागलं. ते कुणी पुसलं नाही.

"आज सगळ्यांनी देवळात जेवायचं," ते म्हणाले. "रांग करा."

मुलांनी एकच कल्ला केला.

"सर, दप्तरां घेवंया?"

"नको."

बाई शेजारच्या वर्गाकडे वळल्या होत्या. आनंदाने दोघं-तिघं पोरं उड्या मारू लागली, तसे हेडमास्तर दोन्ही हात पसरून पुढे झाले. त्यांचा आवाज मुलांनी इतका खालचा कधी ऐकला नव्हता.

"हळू, बाबांनो. पाय आपटू नका."